मुखपृष्ठावरचा गोरिला आणि गाळलेला माणूस

#थ्रेड #इतिहास #कॉमिक्स

१/
जुन्या अमेरिकी कॉमिक्सची मुखपृष्ठे समाजमाध्यमांवर सतत फिरत असतात आणि त्यांत गोरिलांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी मोठी असते. न्यायालयात खटल्याला उभा राहिलेला गोरिला, अवकाशात निघालेला गोरिला, पृथ्वी जिंकायला सरसावलेली गोरिलांची फौज. खाली प्रतिक्रिया ठरलेली असते: काय वेडा, काय निरागस काळ होता! प्रस्तुत थ्रेडचा वाद याच प्रतिक्रियेशी आहे. तो काळ वेडा असेलही. निरागस मात्र खचितच नव्हता.

२/
आधी प्रचलित कथा. मे १९५१ मध्ये डीसी या प्रकाशनसंस्थेच्या ‘स्ट्रेंज ॲडव्हेंचर्स’ मासिकाचा ८वा अंक निघाला. मुखपृष्ठावर पिंजऱ्यातला एक गोरिला बाहेरच्या तरुणीला लिहिलेला मजकूर दाखवत आहे. आपण एका भयंकर वैज्ञानिक प्रयोगाचे बळी आहोत, तिने विश्वास ठेवावा, अशी त्याची विनवणी. अंक भरपूर खपला. संपादक ज्युलियस श्वार्ट्झ यांनी पुढे सांगितलेल्या हकिकतीप्रमाणे संस्थेचे आयर्विन डोनेनफेल्ड यांनी हा खप हेरला आणि गोरिला पुन्हा छापला गेला. पुन्हा खप वाढला. मग प्रत्येक संपादकाला गोरिला हवासा झाला, आणि अखेर महिन्याला एकच गोरिला असा दंडक घालावा लागला.

३/
या कथेमागे धंद्याचे साधे गणित होते. १० सेंटचे कॉमिक पन्नास भावंडांच्या गर्दीत स्टॉलवर मांडलेले असे. न खपलेल्या प्रती प्रकाशकाकडे परत येत. मूल पान उलटण्याआधीच निर्णय करी, म्हणून सारी भिस्त मुखपृष्ठावर. श्वार्ट्झ यांच्याकडे तर पुष्कळदा आधी मुखपृष्ठ ठरे आणि त्यात बसेल अशी गोष्ट लेखकाकडून मागाहून लिहून घेतली जाई. म्हणजे गोरिला गोष्टीतून मुखपृष्ठावर येत नसे. मुखपृष्ठावरून तो गोष्टीत शिरे.

४/
येथपर्यंत कोणाची हरकत नसावी. हरकत पुढच्या उडीला आहे. ‘गोरिला खपतो, म्हणून गोरिला छापला’ हे वाक्य कारण म्हणून दिले जाते, आणि ते कारण नव्हेच. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, तर फांदीचा कुजकेपणा कोणी तपासायचा? ८व्या अंकावर गोरिला होता, तसा पिंजराही होता, लिहिलेला मजकूर होता, विश्वासाची याचना होती, ओळख हरवलेला माणूस होता. प्रकाशकांनी यांतून केसाळ कातडी तेवढी उचलली आणि तिलाच यशाचे गमक मानले. आजचे कौतुककर्ते तेच सुतावरून स्वर्ग गाठणे इतिहास म्हणून पुढे देतात.

५/
दुसरे लाडके स्पष्टीकरण: मुलांना माकडे आवडतात. आवडतात, यात शंका नाही. पण सगळी माकडे कॉमिक्समध्ये सारखी वागवली गेली नाहीत. चिंपांझीच्या वाट्याला विनोद आला. १९५२ मध्ये अवतरलेला डीसीचा ‘डिटेक्टिव्ह चिंप’ गुन्हे उकलतो आणि हशा मिळवतो. फेब्रुवारी १९५९ च्या ‘सुपरमॅन’मध्ये टायटॅनो हा चिंपांझी संकट ठरतो, पण त्यासाठी त्याला आधी अवकाशात पाठवून अक्राळविक्राळ करावे लागते. गोरिलाला असल्या तयारीची गरज नाही. तो चित्रात आला की धोका आपोआप येतो. ही भीती मुलाने जन्मतः आणलेली नसते. ती कोणीतरी आधी रुजवलेली असते.

६/
म्हणून मूळ दावा स्पष्ट मांडलेला बरा. मुखपृष्ठावरच्या गोरिलाचे आकर्षण गोरिलाचे नव्हतेच. ‘माणूस कोणाला म्हणायचे आणि ते कोणी ठरवायचे’ या प्रश्नाचे ते आकर्षण होते. अमेरिकेत हा प्रश्न त्या काळी रस्त्यावर, शाळेत आणि न्यायालयात धगधगत होता. कॉमिक्सच्या धंद्याने तो प्रश्न विकला, आणि ज्यांच्या आयुष्याचा तो प्रश्न होता त्या माणसांना चित्रातून गाळले. रिकाम्या जागी गोरिला उभा केला.

७/
पुरावा नावापासूनच सुरू होतो. ‘गोरिला’ हा शब्द कार्थेजचा दर्यावर्दी हन्नो याच्या प्रवासवृत्तातला. सुमारे २५०० वर्षांपूर्वीचा. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर त्याच्या लोकांना अंगभर केस असलेली ‘माणसे’ भेटली आणि दुभाष्यांनी त्यांना हे नाव दिले, असे तो वृत्तान्त सांगतो. त्यांतल्या तीन ‘स्त्रिया’ पकडल्या. त्या चावल्या, ओरबाडल्या. मग त्यांना मारून, कातडी सोलून ती कार्थेजला नेली. ती माणसे होती की वानर, याचा निवाडा आजही होत नाही. शब्दाच्या जन्मवेळीच माणूस आणि पशू यांची सीमा पुसट आहे, आणि निवाडा देण्याचा अधिकार पकडणाऱ्याच्या हाती आहे.

८/
१८४७ मध्ये अमेरिकी मिशनरी डॉक्टर थॉमस सॅव्हेज आणि शरीरशास्त्रज्ञ जेफ्रीज वायमन यांनी गॅबनमधून मिळालेल्या कवट्या व हाडांवरून या प्राण्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि हन्नोचा तो जुना शब्द त्याला चिकटवला. १८५९ मध्ये डार्विनचा ग्रंथ आला. १८६१ मध्ये पॉल दु शायू याचे आफ्रिकेतल्या शिकारीचे पुस्तक लंडनमध्ये गाजले. त्यातला छाती बडवत चालून येणारा नरकातला राक्षस युरोपच्या कल्पनेत कायमचा बसला. मानवाची वंशावळ आणि वसाहतींची भूक एकाच वेळी चर्चेत असताना गोरिला प्रसिद्ध झाला, हे विसरता कामा नये. आफ्रिकी माणसाला शिडीच्या खालच्या पायरीवर बसवणाऱ्यांना तो आयताच सापडला.

९/
मग प्रतिमा ठरून गेली: गोरिला आणि त्याच्या हातातली असहाय स्त्री. फ्रान्सच्या एमानुएल फ्रेमिएने हे शिल्प घडवले आणि १८८७ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याला मानाचे पदक मिळाले. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने सैन्यभरतीसाठी काढलेल्या प्रसिद्ध भित्तिचित्रात जर्मन शिरस्त्राण घातलेला गोरिला एका हातात सोटा आणि दुसऱ्यात अर्धवस्त्र गोरी स्त्री घेऊन अमेरिकेच्या किनाऱ्यावर पाऊल टाकतो. १९३३ मध्ये ‘किंग काँग’ने तेच चित्र न्यूयॉर्कच्या शिखरावर नेले. कॉमिक्सच्या चित्रकाराला काही शोधावे लागले नाही. साचा तयार होता. त्यात रंग तेवढा भरायचा होता.

१०/
येथे एक आक्षेप हमखास येतो: जुन्या काळाला आजच्या चष्म्यातून पाहू नये. मग त्या काळाच्याच चष्म्यातून पाहावे. सप्टेंबर १९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयाने काँगोतून आणलेल्या ओटा बेंगा या तरुणाला माकडघरात, ओरांगउटानच्या सोबतीने, प्रेक्षकांसमोर ठेवले. लोकांची झुंबड उडाली. पण त्याच आठवड्यांत शहरातल्या कृष्णवर्णीय बाप्टिस्ट धर्मगुरूंनी, रेव्हरंड जेम्स गॉर्डन यांच्या पुढाकाराने, तीव्र निषेध केला आणि ते प्रदर्शन बंद करायला लावले. १९१६ मध्ये ओटा बेंगाने आत्महत्या केली. ‘त्या काळी कोणाला खटकत नव्हते’ असे म्हणणाऱ्यांनी, ‘कोणाला’ या शब्दात कोणाला धरलेले नाही, तेही सांगावे.

११/
आता पुन्हा कॉमिक्सकडे. १९४० ते १९५४ या काळात फिक्शन हाउसचे ‘जंगल कॉमिक्स’ निघत होते आणि त्याच्या जोडीला चित्त्याचे कातडे ल्यालेली शीना होती. मुखपृष्ठांची रचना एकसारखी: मध्यभागी गोरा नायक किंवा नायिका, बाजूला संकटात सापडलेली गोरी स्त्री, आणि समोरून येणारा हल्लेखोर. हल्लेखोराची जागा कधी सिंहाला मिळे, कधी गोरिलाला, कधी भाला उगारलेल्या काळ्या योद्ध्याला. ती तिघांत अशी सहज फिरते, यातच सारे आले. चित्राला या तिघांत फरक वाटत नाही.

१२/
हे त्या काळी ज्याने छापून दाखवून दिले तो माणूस कॉमिक्सप्रेमींचा सर्वांत मोठा खलनायक आहे: मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम. १९५४ च्या त्यांच्या पुस्तकात कॉमिक्समुळे मुले गुन्हेगार होतात असा अतिरेकी दावा आहे आणि त्यातली पुराव्यांची मोडतोड पुढे उघडही झाली. पण याच वर्थम यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत गरिबांसाठी मानसोपचार केंद्र चालवले होते. शाळांतील वर्णभेदाच्या खटल्यांत त्यांची साक्ष उपयोगी पडली होती. आणि जंगल-कॉमिक्स काळ्या माणसाला पशूच्या रांगेत बसवतात, ही त्यांची तक्रार बिनतोड होती. त्यांचे चुकीचे म्हणणे सगळ्यांच्या लक्षात आहे. बरोबर म्हणणे सोयिस्करपणे विसरले गेले.

१३/
ऑक्टोबर १९५४ मध्ये प्रकाशकांनी आपण होऊन ‘कॉमिक्स कोड’ स्वीकारला. व्हॅम्पायर, लांडगा होणारे पुरुष, चालती प्रेते या सर्वांवर बंदी आली. कोणत्याही वंशाची टिंगल करू नये असे कलमही त्यात होते. कलम चांगले, पण धंद्याने त्यावर स्वस्तातली तोड काढली. टिंगल नको, तर चित्रच नको. पुढच्या दहा वर्षांच्या सुपरहिरो-कॉमिक्समध्ये कृष्णवर्णीय माणूस भिंग घेऊन शोधावा लागतो. भुते हद्दपार झाली, काळी माणसे अदृश्य झाली. भय विकायला एकच बिनधोक मूर्ती उरली, आणि तिच्यावर बंदी नव्हती.

१४/
या अदृश्यतेचा कळस एका प्रसंगात दिसतो. ईसी या संस्थेने १९५३ मध्ये ‘जजमेंट डे’ ही कथा छापली होती. लेखक अल फेल्डस्टाइन, चित्रकार जो ओरलँडो. पृथ्वीवरून आलेला एक निरीक्षक यंत्रमानवांच्या ग्रहाची पाहणी करतो. तिथे नारिंगी यंत्रमानव निळ्यांना हीन वागवतात, म्हणून तो त्या ग्रहाला नापास करतो. शेवटच्या चौकटीत तो शिरस्त्राण काढतो आणि वाचकाला कळते की तो काळा माणूस आहे. त्याच्या कपाळावर घामाचे थेंब चमकत आहेत.

१५/
१९५६ च्या आरंभीच्या अंकात, दुसरी एक कथा कोड-कार्यालयाने नाकारल्यामुळे, ईसीने ही जुनी कथा पुन्हा घेतली. प्रकाशक बिल गेन्स आणि फेल्डस्टाइन यांनी पुढे सांगितले त्याप्रमाणे कोडचे प्रशासक चार्ल्स मर्फी यांनी हरकत घेतली: अंतराळवीर काळा असता कामा नये. गेन्स यांनी प्रकरण चव्हाट्यावर मांडण्याची धमकी दिली, तेव्हा कथा जशीच्या तशी छापली गेली. त्यानंतर ईसीने कॉमिक्सचा धंदाच गुंडाळला. याच वर्षांत पृथ्वी जिंकणारे, तत्त्वज्ञान सांगणारे, यान चालवणारे गोरिला त्याच कार्यालयाचा शिक्का घेऊन नियमित बाहेर पडत होते. गोरिलाच्या बुद्धिमत्तेवर हरकत नव्हती. माणसाच्या घामावर होती.

१६/
आता १९५९ हे एकच वर्ष घ्यावे. जानेवारीत ‘स्ट्रेंज ॲडव्हेंचर्स’च्या १००व्या अंकावर गोरिलाचा खटला. त्याच महिन्याच्या ‘ॲक्शन कॉमिक्स’मध्ये काँगो बिल हा गोरा शिकारी जादूच्या अंगठीने सोनेरी गोरिलाच्या देहात शिरतो आणि काँगोरिला होतो. वसंतात ‘द फ्लॅश’च्या १०६व्या अंकात जॉन ब्रूम आणि कार्माइन इन्फँटिनो गोरिला ग्रॉडला जन्म देतात. घाना दोन वर्षांपूर्वीच स्वतंत्र झाला होता. पुढच्याच वर्षी काँगोसह आफ्रिकेतले १७ देश स्वतंत्र होणार होते. आफ्रिका नावाच्या माणसांच्या खंडाचा आवाज जगभर ऐकू येऊ लागला तेव्हा कॉमिक्समध्ये आफ्रिकेच्या वतीने गोरिला बोलत होता.

१७/
ग्रॉड आला तो ‘गोरिला सिटी’तून. आफ्रिकेच्या अंतर्भागात दडलेले, विज्ञानात मानवाच्या पुढे गेलेले, जगापासून लपून राहिलेले नगर. राजा शहाणा, नागरिक सुसंस्कृत. हे वर्णन ओळखीचे वाटावे. लपलेल्या, प्रगत आफ्रिकी राष्ट्राची हीच कल्पना जुलै १९६६ मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी ‘फँटॅस्टिक फोर’च्या ५२व्या अंकात वाकांडा म्हणून मांडली. मध्ये सात वर्षे गेली. आफ्रिकेत अलौकिक नगरी असू शकते हे सुपरहिरो-कॉमिक्सना १९५९ मध्ये सुचले होते. तिथे माणसे राहत असतील, हे सुचायला सात वर्षे लागली.

१८/
ब्रूम किंवा इन्फँटिनो यांच्या मनात द्वेष होता काय? तसे म्हणण्यास काही आधार नाही. गोरिला सिटीचा राजा सोलोव्हर सज्जन आहे, न्यायी आहे. पण इतिहासाचा निवाडा हेतूवर थांबत नाही. घराचा उंबरा ठेंगणा असेल, तर वाकून आत येणाऱ्याच्या मनात कोणाचा अपमान करण्याचा हेतू नसतो. तरी प्रत्येकाची मान वाकतेच. हे चित्रकार त्या साच्यात वाकून शिरले. त्यांना खलपुरुष ठरवणे जितके सोपे, तितकेच त्यांच्या सद्हेतूकडे बोट दाखवून साचा विसरणे सोपे. दोन्ही पळवाटाच.

१९/
आणि म्हणूनच ‘ही सारी चित्रे वर्णद्वेषी, फेकून द्या’ म्हणणाऱ्यांचेही पटत नाही. १९५१ च्या पिंजऱ्याकडे पुन्हा पाहावे. तो गोरिला कोणाला पळवत नाही. तो माणूस आहे, त्याला लिहिता येते, पण त्याचे रूप पाहून कोणी त्याचे ऐकत नाही. दहा वर्षांच्या मुलाने ते चित्र पाहिले तेव्हा तो काही क्षण गजांच्या आतल्या बाजूला उभा राहिला. कातडीमुळे ज्याची साक्ष अमान्य होते त्याची तडफड त्याने अनुभवली. हे त्या मुखपृष्ठाचे खरे बळ, आणि तो अंक खपण्याचे त्याहून बरे कारण सापडत नाही. धंद्याने त्यातून याचना वजा केली आणि कातडी ठेवली. मागाहून फौजा आल्या, आक्रमणे आली.

२०/
या सगळ्यात खुद्द गोरिलाचे काय झाले? त्याच १९५९ मध्ये जॉर्ज शॅलर हा तरुण प्राणिशास्त्रज्ञ विरुंगाच्या डोंगरात शस्त्राविना गोरिलांच्या जवळ बसून टिपणे काढू लागला. १९६३ मध्ये त्याचा ग्रंथ आला. त्यातला गोरिला पाला, देठ, कोंब खातो, कुटुंबात राहतो, आणि छाती बडवतो ती बहुधा भांडण टाळण्यासाठी. दु शायूचा राक्षस शंभर वर्षे जगला, कारण तो कोणाला तरी हवा होता. आज पर्वतीय गोरिलांची संख्या हजाराच्या थोडीशीच वर आहे. ज्याला जगज्जेता म्हणून रंगवले, त्याला मुठीत मावेल एवढे जंगल उरले.

२१/
हा प्रश्न अमेरिकेचा, महाराष्ट्राचा त्याच्याशी काय संबंध, असे विचारणाऱ्यांसाठी दोन नोंदी. पहिली: १९६४ पासून मुंबईहून निघालेल्या इंद्रजाल कॉमिक्सने ‘फँटम’ला वेताळ म्हणून मराठी घराघरांत आणले. कवटीच्या गुहेत सिंहासनावर बसलेला गोरा पुरुष, आणि त्याच्या धाकात व आश्रयाला राहणाऱ्या जंगलातल्या जमाती. मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी त्या रानात मनसोक्त भटकंती केली, आणि नेहमी गोऱ्याच्याच घोड्यावर बसून केली. स्वतः गोऱ्यांच्या राज्यातून नुकत्याच सुटलेल्या समाजाला ते खटकले नाही, हे नोंदवण्याजोगे आहे.

२२/
दुसरी नोंद कडू आहे. ऑक्टोबर २००७ मध्ये वानखेडे मैदानावर कॅरिबियन वंशाचा ऑस्ट्रेलियन खेळाडू अँड्र्यू सायमंड्स याच्याकडे पाहून काही प्रेक्षकांनी माकडचेष्टा केल्या; काहींना मैदानाबाहेर काढावे लागले. तेव्हा ‘आपल्याकडे वानर पूज्य आहे, यात अपमान कसला’ अशी मखलाशीही झाली. मारुतीच्या देवळात हात जोडताना कोणी तशा चेष्टा करीत नाही, एवढे उत्तर तिला पुरे. ती खूण रामायणातून आलेली नव्हती. ती त्याच साच्यातून आली होती, जो भित्तिचित्रांतून, चित्रपटांतून आणि १० सेंटच्या मुखपृष्ठांतून जगभर वाटला गेला.

२३/
साचा अजून शाबूत आहे. एप्रिल २००८ मध्ये अमेरिकी ‘व्होग’च्या मुखपृष्ठावर पहिल्यांदाच एक काळा पुरुष आला: बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्स, तोंड वासून गर्जना करणारा, एका हाताने गोऱ्या मॉडेलची कंबर धरलेला. पाहणाऱ्या अनेकांनी लगेच शेजारी महायुद्धातले ते भित्तिचित्र ठेवले. फरक शोधावा लागत होता. ५० वर्षे गाळलेला माणूस अखेर मुखपृष्ठावर आला, आणि त्याला उभे केले ते गोरिलाच्याच जागी.

२४/
तेव्हा जुनी मुखपृष्ठे जाळू नयेत, लपवू नयेत. त्यांची रंगसंगती, त्यांचा उत्साह, त्यांचा आचरटपणा यांचा आनंद जरूर घ्यावा. मात्र इतिहासाची आवड सांगणाऱ्याने चित्रात काय आहे एवढे पाहून थांबू नये. गोरिला दिसला की तो कोणाच्या जागी उभा आहे, हे विचारावे. आणि पिंजऱ्यातून कोणी काही लिहून दाखवत असेल, तर कातडीकडे पाहण्याआधी तो मजकूर वाचावा.

(थ्रेड समाप्त)